धर्माच्या बातम्या करणारी पत्रकार आणि चर्चमधला खून: ख्रिस्ती रहस्यकादंबरी लिहायला बसताय तर

मी नगरची, माहेर प्रोटेस्टंट, आणि लग्न होऊन आले वसईला कॅथलिक घरात. पहिल्याच वर्षी पुतण्याच्या पहिल्या कम्युनियनची तयारी चालू होती, तर मी हौसेने त्याचा धर्मशिक्षणाचा अभ्यास घ्यायला बसले आणि विचारलं, सांग बघू पाचवी आज्ञा कुठली. तो पटकन म्हणाला, खून करू नको. मी म्हटलं चुकलास, पाचवी म्हणजे आईबापाचा मान राख, मी शब्बाथ शाळेत, म्हणजे चर्चच्या रविवारच्या शाळेत, दहा वर्षं पाठ केलीय. पोरगं अगदी रडकुंडीला आलं, सासूबाई पिठाचे हात घेऊन बाहेर आल्या आणि म्हणाल्या, अगं त्याचं बरोबर आहे, चौथी आईबापाची, पाचवी खुनाची. शेवटी दोघांची पुस्तकं शेजारी ठेवून बघितली तेव्हा कळलं की आज्ञा त्याच दहा, पण मोजणी वेगळी. मूर्ती करू नको ही आमच्याकडे वेगळी दुसरी आज्ञा, कॅथलिक लोक ती पहिल्यातच धरतात, आणि शेवटी शेजाऱ्याच्या बायकोचा लोभ आणि त्याच्या मालमत्तेचा लोभ अशा दोन करून आकडा दहाचा दहाच ठेवतात.

त्या संध्याकाळी माझ्या डोक्यात पहिल्यांदा रहस्यकादंबरी आली. समजा एखाद्या पत्रकाराला निनावी चिठ्ठी आली, नुसती एक ओळ, "पाचवी आज्ञा मोडली गेलीय". पत्रकार नगरची असेल तर ती आईबाप, वारसा, घरातली भांडणं या दिशेला जाणार, आणि लिहिणारा वसईचा असेल तर तो सरळ सांगतोय की हा अपघात नाही, खून आहे. हे कोड्यासाठी म्हणून बनवलेलं कोडं नाही, दोन्हीकडची माणसं खरोखर असंच बोलतात. मला जे सांगायचंय ते एवढंच आहे, की तुमच्या कादंबरीत ख्रिस्ती धर्माला काम असलं पाहिजे. सुगावा त्यातून निघाला पाहिजे, तपासातली अडचण त्यातून आली पाहिजे आणि शेवटही त्यातूनच आला पाहिजे. प्रेत चर्चमध्ये सापडलं आणि एक फादर पांढऱ्या झग्यात फिरतोय, बाकी सगळी गोष्ट कुठल्याही हाउसिंग सोसायटीत घडू शकेल अशी असेल, तर ती ख्रिस्ती रहस्यकादंबरी नाही.

सगळ्यात आधी ठरवा, कुठलं चर्च. "एक ख्रिस्ती गाव" असं काही नसतं. वसई घेतलीत तर इथे १५३४ ते १७३९ पोर्तुगीज होते, नंतर चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, आणि आज १९९८ पासून वसईचा स्वतःचा धर्मप्रांत आहे. माणसाचं आडनाव डिमेलो नाहीतर परेरा, मिस्सा म्हणजे कॅथलिक उपासना मराठीत, घरात सामवेदी किंवा वाडवळी बोली, कोळीवाड्यात गेलात तर अजून तिसरी तऱ्हा, म्हातारी लाल लुगड्यात, अंगणापलीकडे केळीची वाडी आणि ऊन असेल तेव्हा सुकेळी वाळत घातलेली. इथे फादर, सिस्टर, बिशप, मिस्सा, पापनिवेदन, फेस्त हे शब्द. नगर घेतलंत तर सगळंच बदलतं, तिथे अमेरिकन मराठी मिशनचा वारसा, १८४२ साली सुरू झालेलं ज्ञानोदय, रेव्हरंड ना. वा. टिळकांची भजनं पेटी तबल्यावर, आणि शब्द पाळकसाहेब, उपासना, मंडळी, प्रभुभोजन. पाळकाला बायकोमुलं असतात, फादरला नसतात. नगरच्या चर्चमध्ये पापनिवेदनाची लाकडी खोली शोधू नका, ती नाहीये. मी अशा गोष्टी वाचल्यात ज्यात पाळक त्या खोलीत बसून गुन्ह्याची कबुली ऐकतोय, आणि तिथे माझा पुस्तकावरचा विश्वासच उडतो. आणि कृपा करून आपल्या मराठी ख्रिस्ती माणसाला सिनेमातलं तुटकं हिंदी बोलायला लावू नका, "माय सन" तर अजिबात नको. मराठीतली पहिली कादंबरी १८५७ साली लिहिणारे बाबा पदमनजी ख्रिस्ती होते, आणि ते वर्तमानपत्रीय लिखाणही करायचे, ही भाषा आमची घरचीच आहे.

आता पत्रकार. आपल्याकडच्या पेपरात धर्माचा बीट म्हणून वेगळा माणूस क्वचित असतो, बहुतेक वेळा एकच जण वारी करतो, गणपती करतो, माउंट मेरीची जत्रा करतो, उरूस करतो, पोप निवडला की रात्री जागून तेही करतो, आणि मधल्या वेळात महापालिकेच्या बातम्या देतो. मी स्वतः काही वर्षं एका दैनिकाच्या पुरवणीसाठी हे काम केलंय म्हणून सांगते, या माणसाची खरी ताकद म्हणजे तो सणासुदीला येतो. क्राइम रिपोर्टर प्रेत सापडल्यावर पोहोचतो आणि त्याला पोलीस सांगतील तेवढंच कळतं. धर्माची पत्रकार त्याच चर्चमध्ये पाच वर्षं येतेय, तिला माहितीय की घंटा कोण वाजवतो, फुलांचे पैसे कोण देतं, पहिल्या बाकावरच्या दोन भावांपैकी एक यंदा मागे का बसतोय. देवळातही तिची तेवढीच ये-जा असते, त्यामुळे तिला असं काही दिसू शकतं जे फक्त चर्चमध्ये जाणाऱ्याला दिसणार नाही. वसई पडल्यावर इथल्या चर्चच्या घंटा देवळांत गेल्या, नाशिकला नारोशंकराच्या देवळात, वाईजवळ मेणवलीच्या घाटावर आणि भीमाशंकरला त्या आजही आहेत, आणि कुठल्या घंटेवर काय कोरलंय हे दोन्हीकडे फिरणाऱ्या माणसालाच माहीत असतं.

तिला एक डाग द्या. म्हणजे व्यसन, घटस्फोट असं नेहमीचं काही नको, तिच्या कामातला डाग द्या. तिने कधीतरी एका धर्मगुरूवरच्या आरोपाची बातमी पहिल्या पानावर केलेली असावी, चार कॉलम, फोटोसकट, आणि दोन वर्षांनी तो निर्दोष सुटला तेव्हा पेपरने ते आतल्या पानावर तळाला सहा ओळीत उरकलं, आणि तिने काही बोलायचं टाळलं. हे ख्रिस्ती कादंबरीसाठी फार मोलाचं आहे, कारण आता ती दुसऱ्याचं पाप शोधत फिरतेय आणि स्वतःचं तिच्या पर्समध्ये कात्रणाच्या रूपात आहे.

सुगाव्यांकडे येते, इथे मला सगळ्यात जास्त बोलायचंय कारण चर्चचं वर्ष म्हणजे रहस्यलेखकाला मिळालेला खजिना आहे. राखेच्या बुधवारी, म्हणजे ईस्टरआधीचा उपवासकाळ सुरू होतो त्या दिवशी, कपाळावर जी राख लावतात ती कुठून येते माहितीय? आदल्या वर्षी ईस्टरच्या आधीच्या रविवारी, झावळ्यांच्या रविवारी, आशीर्वाद दिलेल्या झावळ्या लोक घरी क्रॉसमागे खोचून ठेवतात, मग त्या सुकलेल्या झावळ्या चर्चमध्ये परत आणतात आणि त्या जाळून ही राख करतात. आता बघा, धर्माची पत्रकार दरवर्षी याचा फोटो करायला येणारच, हे तिचं ठरलेलं काम आहे. मंगळवारी संध्याकाळी चर्चच्या मागे पत्र्याच्या डब्यात झावळ्या जळतायत, ती चार फोटो काढते, एक छापून येतो. पुढे माणूस मेल्यावर ती उरलेले तीन मोठे करून बघते तर डब्याच्या कडेला झावळीबरोबर कागदाचा एक कोपरा आहे, आणि त्या कोपऱ्यावर स्टॅम्पपेपरची नक्षी. म्हणजे दुसऱ्या दिवशी सगळ्या गावाच्या कपाळावर तो जळालेला कागद होता. ज्याने जाळला त्याच्याही. माझी कादंबरी मी इथूनच सुरू केलीय.

अजून काही सांगते. पवित्र गुरुवारी, म्हणजे गुड फ्रायडेच्या आदल्या दिवशी, संध्याकाळच्या मिस्सात गौरवगीताला घंटा वाजते आणि मग थेट पुनरुत्थानाच्या म्हणजे ईस्टरच्या आदल्या रात्री, जागरणाच्या मिस्सातल्या गौरवगीतापर्यंत ती गप्प असते. शुक्रवारी मध्यरात्री घंटेचा एक ठोका ऐकू आला, तर पोलिसांसाठी ती चर्चची घंटा, पण गावातल्या सगळ्या म्हाताऱ्या उठून बसतील. झग्यांचे रंगही तसेच. उपवासकाळात जांभळा, हुतात्म्यांच्या दिवशी लाल, आणि गुलाबी रंग वर्षातून फक्त दोन रविवारी चालतो, एक नाताळच्या आधीच्या आगमनकाळातला तिसरा आणि एक उपवासकाळातला चौथा. जुन्या फोटोवर तारीख नाही पण फादर गुलाबी झग्यात आहेत, तर पत्रकार ३६५ दिवसांतून दोनवर येते, आणि मागे आंब्याच्या झाडाला लहान कैऱ्या दिसतायत तर एकावर.

निनावी चिठ्ठीत वचन टाकायचं असेल तर कॅथलिक बायबलात ७३ पुस्तकं आणि आमच्यात ६६ हे लक्षात ठेवा. तोबीत किंवा मक्काबींच्या पुस्तकातलं वाक्य सहज लिहिणारा माणूस नगरच्या शब्बाथ शाळेत वाढलेला नसणार.

पण माझं सगळ्यात आवडतं साधन म्हणजे चर्चचं रजिस्टर. बाप्तिस्मा, लग्न, मृत्यू, तिन्हींची वेगळी वही असते आणि जुनी वही हातात घेतली की पानांचा वास, शाईचा तपकिरी झालेला रंग, दर काही वर्षांनी बदललेलं फादरांचं अक्षर, हे सगळं बोलतं. आता यातली गंमत अशी की माणसाचं लग्न झालं की त्याची नोंद लग्नाच्या वहीत तर होतेच, शिवाय त्याच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या शेजारी समासातही करावी लागते, आणि बाप्तिस्मा दुसऱ्या धर्मग्रामात, म्हणजे दुसऱ्या चर्चच्या हद्दीत, झाला असेल तर लग्न लावणारे फादर तिकडे कळवतात. म्हणजे खोटी नोंद करणाऱ्याला एक वही पुरत नाही. माझ्या कादंबरीतला प्रसंग पहिल्या खर्ड्यात थोडक्यात असा होता, म्हणजे किती जवळून लिहायचं ते कळेल:

"ऑफिसात पंखा बंद होता, पानं उडू नयेत म्हणून. फादरांनी वही उघडून तिच्याकडे फिरवली आणि बोट न लावता पेनाच्या टोपणाने ओळ दाखवली. ९ एप्रिल १९७७. वराचं नाव, वधूचं नाव, दोन साक्षीदार, सही. शाई वरच्या ओळीपेक्षा जरा काळी, पण तेवढं चालतं, पेन बदलतं. तिने तारीख वहीत उतरवली. मग खाली सवयीने वार लिहिला, शनिवार. मग तिने पेन खाली ठेवलं आणि विचारलं, फादर, त्या वर्षी ईस्टर कधी होतं?"

१९७७ चं ईस्टर १० एप्रिलला होतं. म्हणजे ९ तारीख पवित्र शनिवार, आणि शुभ शुक्रवार (गुड फ्रायडे) आणि पवित्र शनिवार या दोन दिवशी कॅथलिक चर्चमध्ये लग्न लावतच नाहीत. खोटी नोंद करणाऱ्याने मोबाईलमधलं कॅलेंडर मागे नेऊन बघितलं असणार, शनिवार दिसला, लग्नाला बरा वार वाटला, टाकला. मोबाईल १९७७ चा वार दाखवतो, त्या वर्षीचा उपवासकाळ दाखवत नाही. आणि मग ती वधूच्या बाप्तिस्म्याच्या धर्मग्रामात जाते, तिथल्या समासात काहीच नाही, कोरा. अशा तारखा स्वतः तपासून घ्या, ईस्टर दरवर्षी फिरतं, आणि तुमचा एखादा तरी वाचक जुनी दिनदर्शिका काढून बघणारच.

एवढी खोटी नोंद कशासाठी, तर जमिनीसाठी. वसईत कारण शोधायला लांब जावं लागत नाही, वाडीचा भाव काय झालाय ते सगळ्यांना माहीत आहे, आणि एका लग्नाच्या नोंदीने एक वारस वाढतो. सातबारा, फेरफार, आणि संस्थेची मालमत्ता असेल तर धर्मादाय आयुक्तांकडचे चेंज रिपोर्ट म्हणजे संस्थेतल्या बदलांच्या नोंदी, ही कागदपत्रं पत्रकार खरंच काढते, तेव्हा तिला तलाठ्याकडे दोन खेपा घालायला लावा, तिसऱ्यांदा कागद मिळू दे. फक्त एक विनंती, गाव खरं ठेवा पण धर्मग्राम काल्पनिक ठेवा, त्या भागात ज्या संताच्या नावाचं चर्च नाही ते नाव घ्या, बिशपांच्या जागी खऱ्या बिशपांची छाया येऊ देऊ नका. संत गोन्सालो गार्सिया आमच्या वसईचे, १५९७ साली नागासाकीला हुतात्मा झाले, १८६२ साली संत झाले, त्यांचं नाव लोक फार मनापासून घेतात, ते खुनाच्या गोष्टीला सहज म्हणून लावू नका.

आता पापनिवेदन. हे सगळे वापरतात आणि बहुतेक जण चुकीचं वापरतात. फादरांनी पापनिवेदनात ऐकलेलं कुणालाही, कुठल्याही कारणासाठी सांगायचं नाही, चर्चच्या कायद्यात कलम ९८३ ला हे स्पष्ट आहे, आणि जाणूनबुजून सरळ फोडलं तर बहिष्कार आपोआप लागू होतो, कुणी निकाल द्यायची वाट बघावी लागत नाही. शब्दाने नाही, इशाऱ्यानेही नाही. त्यामुळे शेवटच्या प्रकरणात फादर "मला माफ करा पण मी आता गप्प बसू शकत नाही" म्हणत खुन्याचं नाव सांगतात असा शेवट करू नका, तो फादर त्या क्षणी तुमच्या कादंबरीतून मेला. खरं नाट्य त्याच्या गप्प बसण्यात आहे. तो खुन्याला आत्मसमर्पण कर म्हणून विनवू शकतो, पण तो विनवतोय हेही बाहेर कुणाला कळता कामा नये, आणि दुसऱ्या दिवशी त्याच माणसाला त्याने ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सातली पवित्र भाकर, द्यायला हात पुढे करायचाय. पत्रकारासाठीही फास आहे, पापनिवेदनातलं बोलणं यंत्राने रेकॉर्ड करणं किंवा ते माध्यमातून छापणं हाही चर्चच्या कायद्याने गुन्हा आहे. म्हणजे तिला कुणी अशी ऑडिओ क्लिप पाठवली तर ती काय करेल? सगळं उत्तर त्या तीन मिनिटांत आहे, आणि ती श्रद्धा असलेली बाई आहे. एक अख्खं प्रकरण यावर द्या, घाई करू नका.

याच्या शेजारी तिचं स्वतःचं गुपित ठेवा. तिलाही कुणीतरी विश्वासाने माहिती दिलीय आणि नाव सांगायचं नाही असं वचन तिने दिलंय. प्रेस कौन्सिलच्या १९७८ च्या कायद्यात कौन्सिल पत्रकाराला त्याचा स्रोत उघड करायला भाग पाडू शकत नाही असं आहे, पण कोर्टापुढे तसं कवच नाही. आणि आपल्या पुराव्याच्या कायद्यात नवराबायकोच्या, वकील-अशिलाच्या बोलण्याला संरक्षण आहे, धर्मगुरूचं नाव त्या यादीत नाही. मग फादर आणि पत्रकार दोघं एकाच बाकावर येऊन बसतात, दोघांनाही काहीतरी माहीत आहे आणि दोघांनाही बोलता येत नाही. हा प्रसंग लिहिताना मला दोन रात्री झोप लागली नव्हती.

वेळापत्रक आयतं मिळतं. राखेच्या बुधवारपासून पवित्र शनिवारपर्यंत ४६ दिवस होतात, रविवार सोडले तर ४०. गोष्ट या ४६ दिवसांत बसवा, प्रत्येक रविवारी एक गाठ घाला किंवा सोडवा, मधल्या दिवसांत शुक्रवारची क्रूसाच्या वाटेची भक्ती येऊ द्या, मासे मिळतात का नाही त्यावरून घरातलं बोलणं येऊ द्या. उलगडा शुभ शुक्रवारच्या आत संपवा. शनिवारी रात्री चर्चचे दिवे बंद करून बाहेर नवा अग्नी पेटवतात, त्यावरून मोठी मेणबत्ती लावतात आणि मग एकाकडून दुसऱ्याच्या मेणबत्तीला, असं करत सगळं चर्च उजळतं, ही जागा क्षमेसाठी ठेवा.

कारण खुनी सापडला की आपली गोष्ट संपत नाही. पेत्राने विचारलं होतं, माझ्या भावाला किती वेळा क्षमा करू, सात वेळा का? आणि उत्तर आलं सत्तर वेळा सात. मेलेल्या माणसाच्या बायकोला हे वचन लहानपणापासून पाठ आहे, आता तिला ते वापरायचंय. तिने क्षमा केलीच पाहिजे असं नाही, मी माझ्या कादंबरीत तिला फक्त एवढंच करू दिलं की खुन्याची आई मेणबत्ती धरून मागे अंधारात उभी आहे आणि कुणी तिच्याकडे वळत नाही, तर ही बाई वळते. बोलत काही नाही. आणि पाप माफ झालं म्हणून पोलीस केस मिटत नाही हेही स्पष्ट ठेवा, फादर सुद्धा ते गोंधळात टाकत नाहीत. तिसरी गोष्ट पत्रकाराची, ते कात्रण. त्या निर्दोष फादरांकडे तिला कधीतरी जावंच लागेल, कदाचित निवृत्त धर्मगुरूंच्या घरी, दुपारी, ते व्हरांड्यात बसलेले असताना.

उपदेश मात्र टाळा. प्रवचन एकच असू द्या, दहा बारा ओळींचं, आणि ते ऐकताना कुणीतरी अस्वस्थ होऊन घड्याळ बघतंय तिकडे वाचकाचं लक्ष न्या. हिंदू वाचकाला शब्द समजावून सांगायची वेगळी वाक्यं लिहू नका, पत्रकाराला नवा फोटोग्राफर द्या, तो विचारेल आणि ती गाडीवर मागे वळून ओरडून सांगेल.

कच्चा खर्डा झाला की तो दोन माणसांना वाचायला द्या, एक चर्चला रोज जाणारं आणि एक चर्चच्या आत कधीच न गेलेलं. दुसऱ्याला कुठे अडलं तेवढंच विचारा. पहिल्याकडे मात्र शेजारी बसून ऐका. मी माझी रजिस्टरची प्रकरणं शेजारच्या मावशींना वाचून दाखवली, त्या केळीची पानं पुसत होत्या, हात थांबला नाही, तारीख आली तरी थांबला नाही, पण मी "शनिवार" म्हटलं तसं त्यांनी पान खाली ठेवलं आणि म्हणाल्या, कुठला शनिवार? तेव्हा कळलं की जाणत्या वाचकाला वार सांगितला की लगेच समजतं. मग मी वार तिथून काढला, नुसती तारीख ठेवली, आणि १९७७ चं ईस्टर कधी होतं ते चाळीस पानं आधीच एका म्हातारीच्या बोलण्यात घातलं, तिचं पहिलं बाळ त्या वर्षी ईस्टरच्या पहाटे जन्मलं, १० एप्रिलला, म्हणून नाव पास्कल, म्हणजे ईस्टरचा.